नेमक्या 8 खराब नोंदी: कर्नलमधल्या फाइलसिस्टीममध्ये न भरलेल्या एका फील्डचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली एक छोटी कंपनी फाउंड्रींसाठी तापमान नोंदवणारी यंत्रे बनवते. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) बसवायचे, दर 10 सेकंदांनी तापमान टिपायचे आणि पाळी संपली की अहवाल काढायचा, एवढेच या यंत्राचे काम. पण वाहन कंपन्यांना कास्टिंग पुरवणाऱ्या कारखान्यांत ऑडिटर हाच अहवाल मागतात, त्यामुळे त्यात एकही ओळ लाल दिसलेली चालत नाही.

यंत्रात 32 बिटी एआरएम प्रोसेसर आणि लिनक्स आहे. नोंदी साठवायला कंपनीने स्वतःची लहान फाइलसिस्टीम, म्हणजे मेमरी कार्डावर फाइली मांडणारी व्यवस्था, लिहिली आहे (पुढे ‘डिस्क’ म्हणजे हेच कार्ड). ती मुख्य कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, भाग नाही, वेगळे मॉड्यूल म्हणून लोड होते. पुढचे सगळे समजायला काही आकडे लागतील. एक नोंद 64 बाइटची असते आणि तिच्या शेवटी सीआरसी, म्हणजे नोंद शाबूत आहे का ते पडताळणारा आकडा, असतो. ब्लॉक 4096 बाइटचा, म्हणजे एका ब्लॉकमध्ये 64 नोंदी मावतात आणि तो भरायला 640 सेकंद लागतात. दिवस सकाळी 7 ला सुरू होतो. दिवसभरात 8640 नोंदी होतात, म्हणजे बरोबर 135 ब्लॉक. नोंदवणारा प्रोग्राम सकाळीच नवी फाइल उघडतो आणि ट्रंकेट करून तिचा आकार 135 ब्लॉक इतका वाढवून ठेवतो. पुढचा भाग तेव्हा रिकामा असतो. त्याला डिस्कवर जागा दिलेली नसते, फाइलमधली ती पोकळी असते. अहवालाचा प्रोग्राम फाइल सुरुवातीपासून वाचत जातो आणि पूर्ण शून्यांची नोंद लागली की थांबतो.

कंपनी कर्नल 5.10 वरून 6.6 वर जात होती. सोबत कंपायलरही जीसीसी 9 वरून 12 वर नेला. पहिल्या टप्प्यात सहा यंत्रांवर नवे फर्मवेअर चढवले.

अडचण

दुसऱ्याच दिवशी एका कारखान्यातून फोन आला. पाळीचा अहवाल “डेटा खराब” म्हणत होता आणि शेवटी 8 लाल ओळी दाखवत होता. खऱ्या नोंदी सगळ्या जागच्या जागी होत्या. लाल ओळी त्यांच्यानंतर, जिथे काहीच असायला नको तिथे, उगवल्या होत्या.

पहिला संशय कार्डावर गेला. पावसाळ्याचे दिवस होते, आणि या भागात ओलाव्याने कार्ड बिघडल्याच्या तक्रारी नव्या नाहीत. कार्ड बदलून पाहिले, 8 ओळी तशाच आल्या. मग संशय पोर्टिंगवर, म्हणजे मॉड्यूल नव्या कर्नलवर आणताना केलेल्या बदलांवर, गेला. कर्नल 5.19 मध्ये रीडपेज हे जुने फंक्शन जाऊन रीड-फोलिओ आले, त्यामुळे मॉड्यूलमधला वाचनाचा कोड नव्याने लिहावा लागला होता. नुकताच हात लागलेला कोड पहिल्यांदा तपासणे चुकीचे नाही, पण इथे त्यात दोन दिवस गेले आणि काही सापडले नाही.

दिशा मिळाली ती मेल्टिंग विभागाच्या सुपरवायझरच्या एका वाक्यातून: “साहेब, तिसऱ्या पाळीचा रिपोर्ट बरोबर येतोय बघा. पहिल्या दोनचाच गंडतोय.” अधूनमधून हाताने काढलेला अहवालही बहुतेक वेळा ठीक येतो, हेही त्यांनीच सांगितले.

शोध

ओलाव्याला पाळी कळत नाही. तेव्हा कागदावर हिशेब मांडला. पाळी 8 तासांची, म्हणजे 2880 नोंदी, म्हणजे बरोबर 45 ब्लॉक. पहिली आणि दुसरी पाळी संपते तेव्हा शेवटचा ब्लॉक काठोकाठ भरलेला असतो आणि पुढची नोंद अजून न लिहिलेल्या ब्लॉकमधून वाचली जाते. तिसरी पाळी संपते तेव्हा फाइलच संपलेली असते, पुढे वाचायला काही नसते. म्हणजे बिघाड फक्त फाइलच्या शेवटच्या पोकळीत होता.

आता 8 या आकड्याकडे. 8 गुणिले 64 म्हणजे 512. फाइलचा तो भाग हेक्सडंपमध्ये (बाइट जसेच्या तसे दाखवणारे साधन) उघडला तर पहिल्या चार बाइटमध्ये फाइलसिस्टीमचा स्वतःचा मॅजिक नंबर, म्हणजे ओळखीचा ठरावीक आकडा, दिसला. हा सुपरब्लॉक होता, फाइलसिस्टीमची मूळ माहिती ठेवणारा ब्लॉक. डिस्कचा ब्लॉक 0, त्यात पहिले 512 बाइट भरलेले आणि पुढे शून्ये. पोकळी वाचताना शून्ये मिळण्याऐवजी ब्लॉक 0 चा मजकूर मिळत होता. अहवालाचा प्रोग्राम 8 निरर्थक नोंदी वाचायचा, मग त्याला शून्ये लागायची आणि तो थांबायचा.

हाताने काढलेला अहवाल बहुधा ठीक का येतो, तेही यातून सुटले. नवा ब्लॉक सुरू झाला की पहिल्या 8 खऱ्या नोंदी त्या 512 बाइटवर लिहिल्या जातात. 80 सेकंदांनंतर कचरा पूर्ण झाकला जातो आणि पुढे शून्येच उरतात. 640 सेकंदांतल्या फक्त 80 सेकंदांच्या खिडकीत अहवाल काढला तरच लाल ओळी दिसणार, म्हणजे साधारण आठात एकदा. पाळी संपण्याची वेळ मात्र दर वेळी या खिडकीच्या तोंडाशीच येते.

आता प्रश्न उरला: पोकळीला ब्लॉक 0 कोण सांगतो? मॉड्यूलमध्ये एक शोध फंक्शन आहे. फाइलमधला ब्लॉक क्रमांक द्यायचा, ते एक्स्टेंटच्या, म्हणजे डिस्कवरच्या सलग ब्लॉकांच्या तुकड्यांच्या, यादीत बायनरी सर्च करते आणि बोलावणाऱ्याने स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, ठेवलेल्या एका स्ट्रक्चरमध्ये उत्तर भरते. त्यात डिस्कवरचा आरंभीचा ब्लॉक, लांबी आणि स्थिती अशी तीन फील्डे आहेत. स्थितीच्या किमती अशा होत्या: 0 म्हणजे लिहिलेला, 1 म्हणजे पोकळी, 2 म्हणजे जागा राखून ठेवलेला पण न लिहिलेला.

फंक्शनला तीन वाटा होत्या. एक्स्टेंट सापडला तर तिन्ही फील्डे भरली जात. दोन एक्स्टेंटच्या मधली पोकळी असेल तरी तिन्ही भरली जात. शेवटच्या एक्स्टेंटच्याही पलीकडची पोकळी असेल तर आरंभ 0 आणि लांबी भरली जाई, स्थिती भरायची राहून गेली होती. वर फंक्शन परत येताना यश असेच सांगत होते. ती ओळ मॉड्यूलच्या पहिल्या आवृत्तीपासून नव्हती.

मग 5.10 वर इतकी वर्षे ते चालले कसे? स्थितीचा तो एक बाइट स्टॅकवर जिथे होता, तिथे आधी काय पडलेले असेल तेच त्याचे मूल्य. जुन्या बिल्डचा ऑब्जडंप (बांधलेल्या कोडमधल्या मशीन सूचना) काढून पाहिला तेव्हा त्या जागी आधीच्या एका कॉलचा परतीचा पत्ता उरलेला असतो असे दिसले, आणि त्यातला तो बाइट शून्य नव्हता. वाचनाच्या कोडमध्ये स्विच होते: 0 असेल तर डिस्कवरून वाच, बाकी काहीही असेल तर पान शून्यांनी भर. 256 पैकी 255 किमतींना उत्तर बरोबर येणार होते, आणि त्या बिल्डमध्ये 255 पैकीच एक किंमत मिळत होती.

6.6 मध्ये हा योग तुटला. कर्नलमध्ये स्टॅकवरचे व्हेरिएबल आपोआप शून्य करण्याची इनिट स्टॅक ऑल झीरो ही सोय आहे. कंपायलरला ती जमत असेल, म्हणजे जीसीसी 12 किंवा पुढचा असेल, तर 6.6 मध्ये ती डिफॉल्टनेच चालू असते. कंपनीची कॉन्फिग फाइल, म्हणजे कर्नल बांधतानाच्या पर्यायांची यादी, सेव्हडेफकॉन्फिगने साठवलेली होती. त्या फाइलमध्ये फक्त डिफॉल्टपेक्षा वेगळ्या ओळी राहतात. 5.10 मध्ये “काहीच आरंभमूल्य नको” हे डिफॉल्ट होते, म्हणून ती ओळ फाइलमध्ये नव्हतीच. तीच फाइल 6.6 ला दिली आणि निवड गुपचूप बदलली. पूर्ण विस्तारलेल्या दोन कॉन्फिग फाइली कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या डिफकॉन्फिगने ताडून पाहिल्यावर हे उघड झाले. स्थितीच्या त्या न भरलेल्या बाइटचे मूल्य आता दर वेळी 0, म्हणजे नेमके 256 मधले एकमेव चुकीचे.

कंपायलरने इशारा का दिला नाही, हा रास्त प्रश्न आहे. स्ट्रक्चरचा पत्ता दुसऱ्या फाइलमधल्या फंक्शनला दिला की जीसीसीला ते फंक्शन काय भरते आणि काय सोडते हे दिसत नाही. भरले असेल असेच तो धरून चालतो. शिवाय मेबी-अनइनिशियलाइज्ड हा इशारा कर्नलच्या नेहमीच्या बिल्डमध्ये 2020 च्या 5.7 पासून बंदच असतो. खोट्या इशाऱ्यांचा गोंगाट फार होता, म्हणून तो हटवला गेला. बिल्डला डब्ल्यू=2 हा जास्त इशाऱ्यांचा पर्याय दिला तर तो परत येतो, पण इथे तोही गप्पच राहिला असता.

खात्री करायला केएमसॅन वापरले. न भरलेली मेमरी कुठे वापरली जाते हे चालत्या कर्नलमध्ये पकडणारे हे साधन 6.1 पासून मुख्य कर्नलमध्ये आहे. ते एआरएमवर चालत नाही आणि त्याला क्लँग हा कंपायलर लागतो, 14.0.6 किंवा पुढचा. म्हणून मॉड्यूल 64 बिटी एक्स86 साठी बांधले, क्यूईएमयू या आभासी यंत्रात कर्नल उठवला आणि यंत्राच्या कार्डाची प्रतिमा लूप डिव्हाइसवर माउंट केली. मेमरी सढळ द्यावी लागते, कारण मूळ मेमरीइतकीच सावली आणि तेवढीच उगमाची नोंद केएमसॅन वेगळी ठेवते. एक गोष्ट ध्यानात ठेवायची: केएमसॅन आणि आपोआप शून्य करणे एका बिल्डमध्ये चालू करता येत नाही, कॉन्फिगच तसे होऊ देत नाही. ते बरेच आहे, नाहीतर पकडायला काही उरलेच नसते.

64 किलोबाइट लिहिलेली, पुढे ट्रंकेटने वाढवलेली फाइल वाचताच अहवाल आला. वाचनातल्या स्विचच्या ओळीवर न भरलेले मूल्य, आणि खाली तो स्थानिक व्हेरिएबल कोणत्या फंक्शनमध्ये जन्मला त्याचे नाव. अर्ध्या दिवसाच्या तयारीनंतर दोन मिनिटांचे काम.

पर्याय

दुरुस्तीच्या आधी एका प्रश्नाचा निकाल लावायचा होता: वाचताना ब्लॉक 0 मिळतो, तर लिहिताना ब्लॉक 0 वर लिहिले जाते का? तसे असते तर सहाही यंत्रे त्याच दिवशी बंद करावी लागली असती. लिहिण्याचा कोड तपासला. तो शोध फंक्शनला विचारण्याआधी फाइलच्या शेवटच्या एक्स्टेंटशी तुलना करतो आणि पलीकडचे असेल तर थेट नवी जागा मागतो. सुपरब्लॉक शाबूत राहिला होता. ही तुलना वेग वाढवण्यासाठी टाकलेली होती, सुरक्षिततेचा विचार तिच्यामागे नव्हता.

पण एक आडवाट सापडली. नव्या ब्लॉकमध्ये 64 बाइटची पहिली नोंद लिहायची तर उरलेले पान आधी वाचून घ्यावे लागते, आणि ते वाचन शोध फंक्शनमार्गेच होते. म्हणजे सुपरब्लॉकची प्रत पानात येते, तिच्यावर एक नोंद लिहिली जाते, आणि बाकीची प्रत फाइलचा मजकूर म्हणून डिस्कवर उतरते. पुढच्या नोंदी तिला झाकत जातात. पहिल्या 80 सेकंदांतच वीज गेली तर मात्र कचरा कायमचा राहतो. कोड दुरुस्त केला तरी असे कार्ड दुरुस्त होणार नव्हते.

मग पर्याय पुढे आले. आपोआप शून्य करण्याची सोय बंद करणे सर्वांत सोपे होते आणि सर्वांत वाईट. एका चुकीसाठी सगळ्या कर्नलचे संरक्षण काढायचे आणि पुन्हा स्टॅकवरच्या उरल्यासुरल्या बाइटच्या भरवशावर राहायचे.

शून्याऐवजी पॅटर्न भरायचा, हा पर्याय जास्त फसवा होता. टेबलावरच्या यंत्रावर तो चालू केला आणि लाल ओळी गेल्या. जीसीसी त्यात प्रत्येक बाइट एफई, म्हणजे 254, करतो. 254 ही किंमत 0 नाही, म्हणून पान शून्यांनी भरले जाते. ग्राहकांचे फोन येत असताना हे बिल्ड पाठवून द्यावे असे टीममधल्या एकाचे मत होते. ते रोखले गेले, कारण पॅटर्नचा उपयोग चूक उघडी पाडण्यासाठी असतो आणि इथे नेमका तोच तिला झाकत होता.

बोलावणाऱ्या प्रत्येक ठिकाणी स्ट्रक्चरला रिकामे कंस लावून शून्य करायचे, हा सवयीचा उपाय. त्याने एक बाइटही बदलला नसता, कारण शून्य तर आधीच होत होते. या फाइलसिस्टीममध्ये शून्याचा अर्थ “लिहिलेला ब्लॉक” असा होता. इशारा गप्प करायला शून्य ठोकणाऱ्यांच्या बाबतीत हेच बहुधा सुटते: शून्य हीही एक किंमत असते आणि कोडमध्ये तिला आधीच काहीतरी अर्थ दिलेला असतो.

बोलावण्याआधी स्थितीत “पोकळी” भरून ठेवली असती तर काम झाले असते. पण शोध फंक्शनला बोलावणाऱ्या जागा पाच होत्या: साधे वाचन, आगाऊ वाचन, लिहिण्याआधीचे वाचन, फाइमॅप (फाइल डिस्कवर कुठे आहे ते विचारणे) आणि सीक-होल (पुढची पोकळी शोधणे). सहावी जागा लिहिणारा हे विसरणार, हे गृहीत धरायला हवे. शेवटी शोध फंक्शननेच उत्तराची जबाबदारी घ्यायची असे ठरले.

कृती

दुरुस्ती दोन पॅचमध्ये केली. पहिला पॅच अगदी छोटा: फंक्शनच्या सुरुवातीलाच पूर्ण स्ट्रक्चरला “पोकळी, आरंभ 0, लांबी 0” अशी किंमत द्यायची आणि प्रत्येक वाटेने त्यात आपले बदल करायचे. 5.10 च्या शाखेवरही तो जसाच्या तसा लागला. बाहेर अजून जुनीच यंत्रे जास्त होती, त्यामुळे हे सोयीचे होते. कमिटच्या संदेशात लक्षण, कारण, कोणत्या कॉन्फिगमध्ये दिसते आणि चूक ज्या कमिटपासून आहे त्याच्या हॅशची पहिली 12 अक्षरे दिली.

दुसरा पॅच किमतींचा. 0 ला “अवैध” करायचे आणि बाकीच्यांना 1, 2, 3 द्यायचे. स्विचच्या डिफॉल्टमध्ये गुपचूप शून्ये भरण्याऐवजी एकदाच इशारा छापायचा आणि ईयूक्लीन ही फाइलसिस्टीम बिघडल्याची त्रुटी परत द्यायची. या पॅचचा पहिला मसुदा मोठे नुकसान करणारा होता. स्थितीची किंमत डिस्कवरच्या एक्स्टेंटमधून सरळ उचलली जात होती. म्हणजे मेमरीतले आकडे बदलले की डिस्कवरच्या फॉरमॅटचा अर्थही बदलत होता आणि जुन्या कार्डांवरच्या सगळ्या फाइली अवैध ठरत होत्या. कोड तपासताना हे कोणाच्या लक्षात आले नाही. जुन्या कार्डाची प्रतिमा माउंट करून चाचणी घेतली तेव्हा पहिल्याच फाइलला त्रुटी आली. मग डिस्कवरचे आकडे आणि मेमरीतले आकडे वेगळे केले, मधे रूपांतराचे एक फंक्शन घातले आणि अनोळखी आकड्याला तिथेच अडवले.

चाचणीत फाइल बनवून 64 किलोबाइट लिहायचे, ट्रंकेटने 552960 बाइटपर्यंत वाढवायचे, ड्रॉप-कॅशेसमध्ये 3 लिहून कॅश रिकामी करायची आणि शेपूट शून्यांशी बाइट-बाइट ताडायची. कॅश रिकामी करणे टाळता येत नाही. एकदा वाचलेले पान मेमरीत राहते आणि पुढची चाचणी डिस्कपर्यंत पोचतच नाही. मधली पोकळी, पूर्ण रिकामी फाइल आणि नव्या ब्लॉकमध्ये एकच नोंद लिहून वीज तोडणे, अशा तीन चाचण्या आणखी घातल्या. सगळे तीन प्रकारच्या बिल्डवर चालवले: शून्य, पॅटर्न, आणि केएमसॅनसह एक्स86.

कार्डांसाठी वेगळे साधन लिहिले. दिवसाची फाइल घ्यायची, सीआरसी बरोबर असलेली शेवटची नोंद शोधायची, आणि तिच्यानंतरच्या बाइटमध्ये सुपरब्लॉकची प्रत ओळखू आली तरच तो भाग शून्य करायचा. ओळखू आली नाही तर हात लावायचा नाही, फक्त कळवायचे. ऑडिटला लागणाऱ्या फाइलीत अंदाजाने खाडाखोड नको, म्हणून ही अट घातली आणि चालवण्याआधी कार्डाची पूर्ण प्रत घेतली.

परिणाम

सहाही यंत्रांवर नवे बिल्ड गेले आणि तिन्ही पाळ्यांचे अहवाल स्वच्छ आले. कायमचा कचरा एकाच कार्डावर सापडला. तिथे नवा ब्लॉक सुरू होऊन तीन नोंदी झाल्यावर यंत्र बंद केले गेले होते, म्हणून 8 ऐवजी 5 खराब नोंदी उरल्या होत्या. आपोआप शून्य करण्याची सोय चालूच ठेवली. 5.10 च्या यंत्रांनाही पहिला पॅच दिला, तिथे तक्रार एकही नसताना.

केएमसॅनच्या त्याच बिल्डमध्ये आणखी एक चूक सापडली. नवा आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) डिस्कवर लिहिताना त्यातले राखीव बाइट भरलेच जात नव्हते, मेमरीतला जुना मजकूर कार्डावर जात होता. ते वेगळे प्रकरण म्हणून हाताळले.

वेगळे काय करता आले असते

पाळीचा तपशील पहिल्याच फोनवर विचारायला हवा होता. “केव्हा बिघडते” हे विचारले गेले, “केव्हा बिघडत नाही” हे विचारायचे राहिले. कार्डबदल आणि पोर्टिंगची तपासणी, दोन्ही वाचले असते.

कर्नल बदलताना कॉन्फिगची छोटी फाइल नेली तरी दोन्हीकडच्या पूर्ण फाइली ताडून, डिफॉल्टमुळे बदललेल्या ओळी वाचायला हव्यात. यादी लांब निघते आणि बहुतेक ओळी निरुपद्रवी असतात, पण हार्डनिंगचा, म्हणजे सुरक्षा कडक करणाऱ्या पर्यायांचा, भाग दहा मिनिटांत वाचून होतो. कर्नल आणि कंपायलर एकाच वेळी बदलणेही टाळता आले असते. आधी जुन्या कर्नलवर नवा कंपायलर, मग नवा कर्नल, असे केले असते तर संशयाचे क्षेत्र अर्ध्यावर आले असते.

आणि एक आज्ञा. फाइलफ्रॅग पूर्ण तपशिलासह चालवले की फाइलचा कोणता भाग डिस्कवर कुठे आहे ते दिसते. ते फाइमॅपमार्गे त्याच शोध फंक्शनला विचारते. दुरुस्तीनंतर, 6.6 च्या दुरुस्तीआधीच्या बिल्डवर सहज चालवून पाहिले, तर फाइलची शेपूट डिस्कवरच्या ब्लॉक 0 वर असल्याचे त्याने सरळ छापले.